पाटणचे अरण्य

भूतानसारख्या चिमुकल्या पहाडी राष्ट्राने आपल्या भूमीचा किमान ६० टक्के भाग सदासर्वकाळ वनाच्छादित ठेवण्याचे बंधन राज्यघटनेतच घालून घेतले, आणि तेथील राष्ट्रीय उद्याने पाहण्यासाठी आपल्याकडील हौशी मंडळी पैसा व रजा यांची जुळवाजुळव करतात, हे योग्यच आहे. परंतु चाळीसगावच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेत पसरलेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य खुद्द जळगावकरांपैकी किती जणांनी तेथील पाटणादेवीच्या दर्शनापलीकडे पाहिले असेल, याविषयी मला दाट शंका आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या मुलखास शासनाने १९८६ साली अभय दिले. नावातील औट्रम म्हणजे १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा, आणि वाघांच्या शिकारीसाठी नावाजलेला इंग्रज अंमलदार. शिकाऱ्याचे नाव अभयारण्यास लाभावे, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

चाळीसगावाहून सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगरी नदीच्या काठी पाटणादेवी आहे. श्रावणात केदारकुंडाचा धबधबा पाहण्यास झुंबड उडते आणि नवरात्रात यात्रा भरते; तथापि ज्यास या शुष्क पानझडी अरण्याचा खरा स्वभाव जाणून घ्यायचा असेल त्याने, ऊन सोसण्याची तयारी असल्यास, चैत्रात यावे. सालई आणि धावडा त्या वेळी उघडेबोडके उभे असतात, आणि अशा वैराण उतारावर अंजनास मात्र ताम्रवर्ण पालवी फुटू लागलेली असते. त्याचे पान हातात घेऊन पाहावे : दोन दले देठाशी जोडलेली, जणू पंख पसरलेले फुलपाखरू. बिबट्या दिसेलच असे नाही. मोर आणि नीलगाय यांचे दर्शन होणे अधिक संभवनीय.

परंतु हे केवळ अरण्य नव्हे, आणि हीच गोष्ट वाटाड्यांच्या बोलण्यातून हटकून निसटते. जेथे आज झाडी माजली आहे तेथे यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभांच्या काळी पाटण नावाचे नांदते नगर होते. निकुंभ इंद्रराजाने आरंभलेले आणि त्याच्या पश्चात पुरे झालेले महादेवाचे पाषाणमंदिर अद्याप उभे आहे. याच पाटणात शके ११२८ चा तो शिलालेख मिळाला, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे मांडला. भास्कराचार्यांचा नातू आणि सिंघण यादवाचा ज्योतिषी चंगदेव याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला, असे त्यात नमूद आहे. या दानलेखाचा आरंभ संस्कृतात असला तरी अखेरचा भाग मराठीत आहे, कारण तेथे प्रश्न काव्याचा नसून वसुलीचा होता : गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, आणि चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीपळी तेल. सिद्धांतशिरोमणीचे पठण तेलाच्या आणि सुपारीच्या उत्पन्नावर चालत होते, हा तपशील मला त्या मंदिराच्या कोरीव कामाहून अधिक मनोहर वाटतो. ते घाणे, ती पेठ, तो मठ, सारे आज झाडीत गडप झाले आहे. भास्कराचार्यांचे जन्मस्थान हेच काय, हा वाद मात्र विद्वानांत अजून धगधगतो आहे.

पितळखोऱ्याची लेणी याच अभयारण्याच्या आश्रयाला आहेत. तेथे जाण्यास कन्नडच्या बाजूची वाट सोयीची. पाटणाकडून डोंगर चढून जाण्याची उमेद बाळगणाऱ्याने माहीतगार माणूस बरोबर घेतल्यावाचून पाऊल टाकू नये. ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीची, म्हणजे पाटणच्या मठाहूनही सहस्राधिक वर्षांनी वडील आहेत. येथील एका स्थूलोदर, हसतमुख यक्षाच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने आपण ही मूर्ती घडविल्याचे ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवले आहे. तो यक्ष पाहण्याची ज्यास इच्छा होईल त्याने मात्र कन्नडचा घाट न चढता चाळीसगावीच दिल्लीचे तिकीट काढावे, कारण तो केव्हाच तेथील राष्ट्रीय संग्रहालयात मुक्कामास गेला आहे.