तुरुंग प्रशासन व देखरेख

तुरुंग प्रशासन : न्यायालयाच्या वा अन्य सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने बंदिस्त केलेल्या व्यक्तींची अभिरक्षा, निर्वाह, आरोग्य, शिस्त, काम व सुटका यांची जबाबदारी ज्या सेवकवर्गावर सोपविलेली असते, त्याची रचना व त्याच्या कारभारावरील नियंत्रण यांस ही संज्ञा लावतात. शाळा किंवा रुग्णालय यांच्या कारभाराचा अनुभव जनतेला नित्य येतो. तुरुंगाचा कारभार मात्र भिंतीआड चालतो आणि ज्यांना तो सोसावा लागतो, त्यांच्या शब्दावर सहसा विश्वास ठेवला जात नाही. म्हणून तुरुंगात किती व कोणते सेवक असावेत आणि त्यांच्यावर कोणाची नजर असावी, हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत. प्रस्तुत नोंदीत त्यांचा विचार मुख्यत्वे भारतातील तुरुंगांच्या संदर्भात केला आहे [⟶ तुरुंग].

पगारी नोकरांनी चालविलेला तुरुंग ही कल्पना फार जुनी नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये तुरुंगाधिकाऱ्यास वेतन नसे. कैद्यांकडून उकळलेल्या शुल्कावर त्याचा चरितार्थ चाले. जॉन हॉवर्ड हा १७७३ मध्ये बेडफर्डशरचा शेरीफ झाला, तेव्हा निर्दोष ठरलेली माणसेही केवळ हे शुल्क भरता न आल्यामुळे तुरुंगातच राहत असल्याचे त्याला आढळले. तुरुंगाधिकाऱ्यास वेतन द्यावे, ही त्याची सूचना तेथील दंडाधिकाऱ्यांनी पूर्वोदाहरण नाही म्हणून अडवून धरली. असे उदाहरण शोधण्यासाठी तो इतर परगण्यांत हिंडला. उदाहरण मिळाले नाहीच. पण या भ्रमंतीतून त्याचा १७७७ चा प्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. पुढे १८२३ च्या कायद्याने स्त्री-कैद्यांवर स्त्री-सेवकच असाव्यात, असे ठरले आणि १८३५ मध्ये ब्रिटनमध्ये तुरुंगनिरीक्षक नेमले गेले. पगारी सेवक आणि बाहेरून येणारा निरीक्षक ही जोडी अशा रीतीने सु. साठ वर्षांत आकारास आली.

भारतातील घडण : मेकॉलेच्या सूचनेवरून १८३६ मध्ये नेमलेल्या तुरुंगशिस्त समितीने १८३८ मध्ये आपला अहवाल दिला. खालच्या सेवकवर्गातील लाचखाऊपणावर तिने बोट ठेवले आणि प्रत्येक प्रांतासाठी एक तुरुंग महानिरीक्षक नेमावा, अशी शिफारस केली. त्यानुसार पहिला महानिरीक्षक १८४४ मध्ये वायव्य प्रांतात नेमला गेला. मात्र समितीचा कल कैद्याच्या सुधारणेपेक्षा शिक्षा अधिक कडक करण्याकडे होता. १८६४ च्या समितीपुढे प्रश्न आला तो मृत्यूंचा. आधीच्या दहा वर्षांत भारतीय तुरुंगांत ४६,००० हून अधिक कैदी मरण पावले होते. जिल्हा तुरुंगाचे अधीक्षकपद सिव्हिल सर्जनकडे सोपविण्याची पद्धत याच सुमारास रूढ झाली आणि पुढे कित्येक दशके वैद्यकीय सेवेतील अधिकारी तुरुंगांचे प्रमुख राहिले. स्वच्छता, अन्न व पाणी यांच्या दृष्टीने हे हिताचे ठरले. पण ज्याने शिक्षा फर्मावयाची, त्यानेच ती सोसण्यास कैदी शरीराने समर्थ आहे की नाही हे ठरवावयाचे, अशी विचित्र स्थितीही त्यातून उद्‌भवली.

आजच्या बहुतेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्या १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या पायावर उभ्या राहिल्या. महाराष्ट्राची १९७९ ची नियमावलीही त्यास अपवाद नाही. या अधिनियमाने प्रत्येक तुरुंगास अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी, वैद्यकीय साहाय्यक आणि तुरुंगाधिकारी दिले व त्या सर्वांवर महानिरीक्षक ठेवला. तुरुंगाधिकाऱ्याने तुरुंगातच राहावे, अधीक्षकाच्या लेखी परवानगीवाचून एक रात्रही बाहेर काढू नये, कोणाही सेवकाने कैद्याशी खरेदी-विक्रीचा वा उसनवारीचा व्यवहार करू नये, तुरुंगाच्या मक्त्यात हितसंबंध ठेवू नये, अशी बंधने त्यात आहेत. शिस्तीचा किंवा वागणुकीचा कैद्याच्या मनावर अनिष्ट परिणाम होत आहे असे वैद्यकीय अधिकाऱ्यास वाटल्यास त्याने तसे अधीक्षकास लेखी कळवावे, ही तरतूद त्या काळाच्या मानाने पुढची म्हणावी लागेल. कर्तव्यभंगासाठी २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पण त्या तुरुंगाधिकारी व त्याच्या हाताखालील नोकर यांच्यासाठी. अधीक्षकाचा उल्लेख त्या कलमात नाही. उलट, तुरुंगातील अपराधांची चौकशी करून शिक्षा देण्याचा अधिकार अधीक्षकाकडे आहे.

तुरुंग हा विषय १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतांकडे गेला आणि संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत तो चौथ्या क्रमांकावर नोंदलेला आहे. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९–२० च्या समितीने कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट म्हणून मांडले. त्यानंतर सेवकांच्या प्रशिक्षणाचा विचार सुरू झाला : लखनौ येथे १९४० मध्ये प्रशिक्षण विद्यालय निघाले, वेल्लोर येथील संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. पुण्यात येरवडा येथे तुरुंगाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे.

सेवकवर्ग व त्याची अपुरी संख्या : महाराष्ट्रात विभागाच्या शिरोभागी महानिरीक्षक, त्याखाली विभागीय उपमहानिरीक्षक, तुरुंगावर अधीक्षक, मग निरनिराळ्या श्रेणींचे तुरुंगाधिकारी आणि तळाशी सुभेदार, हवालदार व शिपाई अशी उतरंड आहे. कैद्याच्या दृष्टीने तुरुंग म्हणजे मुख्यतः हा शेवटचा थर. बराक उघडणे व बंद करणे, गिनती घेणे, फाटकावर झडती, मुलाखतीच्या वेळी उभे राहणे ही कामे शिपाई करतो आणि कैद्याचा अर्ज अधीक्षकापर्यंत पोहोचतो तोही बहुधा त्याच्याच हातून.

एका जागी चोवीस तास पहारा ठेवावयाचा, तर आठवड्यास १६८ तास भरावे लागतात. आठवड्यास ४८ तास काम करणारा शिपाई धरल्यास त्या एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण व प्रशिक्षण जमेस धरल्यास चारांहून अधिक. आदर्श तुरुंग नियमावलीने (२०१६) सहा कैद्यांमागे एक रक्षक हे प्रमाण सांगितले आहे. ते पटावर पूर्ण असले, तरी कोणत्याही एका घटकेस प्रत्यक्ष पहाऱ्यावर सु. पंचवीस कैद्यांमागे एकच माणूस असतो आणि त्यांतील काही मनोऱ्यांवर व फाटकावर अडकलेले असतात. प्रत्यक्षात हे प्रमाणही क्वचितच साधते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ अखेरच्या आकडेवारीनुसार देशातील १,३३० तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची सोय असता ५,७३,२२० कैदी होते आणि मंजूर पदांपैकी सु. तीन दशांश पदे रिक्त होती. मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगात तर कित्येक वर्षे क्षमतेच्या तिपटीहून अधिक कैदी राहिले आहेत.

कैद्यांपैकी तीन चतुर्थांश न्यायाधीन होते, ही गोष्टही सेवकवर्गाशी निगडित आहे. कैद्यास न्यायालयात नेण्याचे काम तुरुंगाचे शिपाई करीत नाहीत, त्यासाठी पोलीस पथक यावे लागते. बंदोबस्त, मिरवणुका व निवडणुका यांत पोलीस गुंतले की तारीख चुकते, खटला लांबतो आणि तुरुंगातील गर्दी वाढते. दूरदृश्य पद्धतीने हजेरी सुरू झाल्यापासून हा अडसर काहीसा कमी झाला असला, तरी वकिलाशी समक्ष बोलण्याची कैद्याची एक संधी त्यात गेली, हेही नोंदविले पाहिजे.

कैद्यांवर नेमलेले कैदी : अपुऱ्या सेवकांची तूट भारतीय तुरुंगांनी प्रथमपासून कैद्यांकडूनच भरून काढली. १८९४ च्या अधिनियमाने कैद्यांतून नेमलेल्या अधिकाऱ्यांस दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक मानले. रात्रपहारेकरी, मुकादम, वॉर्डर अशा चढत्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर थोडी सवलत व शिक्षेत अधिक सूट, अशी ही योजना होती. अंदमानातील वॉर्डर, पेटी अफसर, तंडेल व जमादार हे शब्द मराठी वाचकांस वि. दा. सावरकरांच्या माझी जन्मठेप (१९२७) या ग्रंथामुळे परिचित आहेत. ते सारे कैदीच होते. या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. महात्मा गांधींनी येरवड्यातील आपल्या अनुभवांवर १९२४ मध्ये लिहिलेल्या लेखमालेत अशा काही कैदी-वॉर्डरांविषयी स्वतंत्रपणे लिहिले असून, त्यांपैकी सोमालीलँडचा एक कैदी त्यांच्या विशेष स्नेहाचा झाला होता.

तथापि एखाद्या माणसाच्या चांगुलपणावर पद्धतीचे मोल ठरत नाही. बराकीला कुलूप लागल्यावर आत राहणारा अधिकार कैदी-वॉर्डराचाच असतो. झोपण्याची जागा, पाण्याची पाळी, कामाची वाटणी यांवर त्याचा शब्द चालतो. तो मोफत मिळतो म्हणून शासनास सोयीचा आणि त्याची सूट अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असते म्हणून त्यांनाही सोयीचा. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांनी आणि २०१५ मध्ये नेल्सन मंडेला यांचे नाव लाभलेल्या त्यांच्या सुधारित संहितेने कोणाही कैद्यास शिस्तविषयक अधिकार देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. भारतीय नियमावल्यांत मात्र ही पद्धत टिकून राहिली. कैदी-वॉर्डर स्वतः किती असुरक्षित असतो, हे मुंबईच्या भायखळा महिला तुरुंगात जून २०१७ मध्ये दिसले. तेथील एका कैदी-वॉर्डर स्त्रीने शिधावाटपातील अंडी व पाव यांची तूट निदर्शनास आणली. त्यावरून तिला मारहाण झाल्याचा आरोप असून तीत तिचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी कैदी स्त्रिया छपरावर चढल्या, तेव्हा ही घटना भिंतीबाहेर गेली. पुढे तुरुंगाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. त्या सर्व स्त्रियाच होत्या, हे १८२३ च्या नियमाची मर्यादा दाखविणारे आहे.

अल्प पहाऱ्याचा वेगळा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर १९३९ मध्ये झाला. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने खुली वसाहत उभारली गेली व कैदी कुटुंबांसह तेथे शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ (१९५७) हा चित्रपट याच प्रयोगावर आधारलेला आहे. खुल्या तुरुंगांस शिपाई थोडे लागतात, पण तेथे कोणास पाठवावयाचे ही निवड पुन्हा बंद तुरुंगातील अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांवर ठरते.

देखरेख : तुरुंगावरील देखरेख दुहेरी असते. एक खात्यांतर्गत, महानिरीक्षक व उपमहानिरीक्षक यांच्या तपासण्यांची, दुसरी बाहेरची. बाहेरच्या देखरेखीचे जुने साधन म्हणजे अभ्यागत मंडळ. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी इ. पदसिद्ध अभ्यागत व शासनाने नेमलेले अशासकीय नागरिक यांनी तुरुंग पाहावा, कैद्यांचे ऐकावे आणि अभ्यागत-पुस्तकात शेरा लिहावा, अशी ही व्यवस्था आहे. तिचे सामर्थ्य व दौर्बल्य या पुस्तकातच आहे. शेरा लिहिला जातो, अधीक्षक त्यावर आपले स्पष्टीकरण लिहितो आणि प्रत महानिरीक्षकाकडे जाते. शेऱ्याप्रमाणे वागण्याचे बंधन कोणावर नसते. अशासकीय जागा पुष्कळदा रिकाम्याच राहतात. शिवाय अभ्यागत येतो तो दिवसा, बहुधा कळवून आणि अधिकाऱ्याच्या सोबतीने. अधिकारी शेजारी उभा असताना कैदी काय बोलणार, हे सांगावयास नको.

न्यायालयांनी या व्यवस्थेत १९७८ नंतर लक्ष घातले. तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या कैद्याने एका वॉर्डराने दुसऱ्या कैद्यास पैशासाठी अमानुष मारहाण केल्याचे पत्र सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींस लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाने सत्र न्यायाधीशांच्या नियमित भेटी, त्यांच्या व जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशान्वये उघडावयाच्या तक्रारपेट्या आणि एकांतकोठडीसारख्या शिक्षांस सत्र न्यायाधीशाची संमती यांचा आग्रह धरला. अधीक्षकाच्या अनिर्बंध अधिकारास बाहेरून लागलेली ही पहिली मोठी कात्री होय. न्यायमूर्ती आ. ना. मुल्ला यांच्या समितीने (१९८०–८३) सेवकांची निवड, प्रशिक्षण व वेतन यांचा सविस्तर विचार केला.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगास १९९३ च्या अधिनियमाने तुरुंग पाहण्याचा अधिकार दिला, तो राज्य शासनास आधी कळविण्याच्या अटीवर. २००६ च्या दुरुस्तीने ही अट गेली. कोठडीतील मृत्यू चोवीस तासांत कळवावा, असे आयोगाने १९९३ मध्येच राज्यांना लिहिले होते. २००६ पासून अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावयाची आहे. कैद्यांच्या छळास प्रतिबंध करण्यासाठी पूर्वसूचनेवाचून भेट देणारी यंत्रणा निर्माण करणारा २००२ चा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने स्वीकारलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये राज्यांना सर्व तुरुंगांत छायाचित्रक बसविण्याचा आदेश दिला आणि अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार करण्यास सांगितले. छायाचित्रकांचे चित्रण त्याच तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात राहते, हा त्यातील प्रमुख अडसर आहे. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयाने, नियमावल्यांतील स्वयंपाक व झाडलोट यांसारखी कामे जातीनुसार वाटणाऱ्या तरतुदी संविधानविरोधी ठरल्या. त्या राबविणे हे तोवर सेवकवर्गाच्या कर्तव्यांतच मोडत होते. १८९४ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये आदर्श तुरुंग व सुधारसेवा अधिनियम तयार करून राज्यांकडे पाठविला. विषय राज्यसूचीतील असल्याने तो स्वीकारणे, बदलणे वा न स्वीकारणे हे प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर अवलंबून आहे.