कोंडा (त्वचाविकार)

कोंडा हा डोक्याच्या त्वचेचा सर्वत्र आढळणारा, वारंवार उद्भवणारा परंतु निरुपद्रवी विकार आहे. यात त्वचेच्या मृत पेशी पांढुरक्या वा पिवळसर पापुद्र्यांच्या रूपाने सुटतात व बहुधा खाजही सुटते. हे पापुद्रे धान्याच्या कोंड्यासारखे दिसतात. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये वर्णिलेला ‘दारुणक’ हा विकार याच्याशी मिळताजुळता आहे. कोंडा हा तैलत्वचाशोथाचा सौम्य प्रकार मानला जातो. तो संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेचे लक्षणही नाही.

कारणे

त्वचेच्या बाह्यस्तरातील पेशी साधारणतः महिनाभरात झडून त्यांची जागा नव्या पेशी घेतात. झडणारे कण अतिसूक्ष्म असल्याने ते दिसत नाहीत. कोंड्यात ही क्रिया वेगाने घडते आणि अपक्व पेशी एकमेकींना चिकटून पापुद्रे तयार होतात.

या प्रक्रियेत मॅलॅसेझिया या यीस्टवर्गीय कवकाचा मोठा वाटा असतो. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञावरून त्यास हे नाव मिळाले. हे कवक निरोगी व्यक्तींच्या त्वचेवरही असते. तैलग्रंथींतून स्रवणाऱ्या सीबम या स्निग्ध द्रव्याचे ते विघटन करते. त्यातून मुक्त होणारे ओलेइक आम्ल काही व्यक्तींच्या त्वचेस सोसत नाही व तेथे दाह होतो. म्हणजेच कवक, स्निग्ध स्राव आणि व्यक्तिगत संवेदनशीलता या तिन्हींच्या संयोगातून कोंडा होतो. तैलग्रंथी यौवनारंभी सक्रिय होत असल्याने त्याची सुरुवात बहुधा त्याच वयात होते. थंडी व मानसिक ताण यांमुळे तो वाढू शकतो.

कोरडी त्वचा व इतर विकार

केवळ कोरडेपणामुळे सुटणारे कण बारीक, शुष्क व पांढरे असतात आणि बहुधा हातापायांची त्वचाही कोरडी असते. अशा वेळी सौम्य शाम्पू व कोमट पाणी वापरणे आणि केस धुण्याचे प्रमाण कमी करणे हितकारक ठरते. कोंड्याचे पापुद्रे मोठे व तेलकट असतात. सोरायसिसमध्ये जाड, रुपेरी खवल्यांचे स्पष्ट कडा असलेले चट्टे उठतात. केसांच्या कलपाच्या अधिहर्षतेनेही खाज व पापुद्रे येऊ शकतात.

लहान मुलांच्या डोक्यावर पापुद्र्यांसह केस तुटून विरळ चकत्या पडल्यास तो गजकर्ण असू शकतो. हा रोग संसर्गजन्य असून त्यास पोटात घेण्याची औषधे लागतात. कोंडा समजून उपचार लांबविल्यास काही वेळा तेथील केस कायमचे जातात.

उपचार

कोंडा समूळ नाहीसा होत नाही, मात्र आटोक्यात ठेवता येतो. किटोकोनॅझोल, झिंक पायरिथिओन व सेलेनियम सल्फाइड ही द्रव्ये कवकाची वाढ रोखतात, तर सॅलिसिलिक आम्ल पापुद्रे सैल करते. औषधी शाम्पू केसांऐवजी त्वचेवर चोळून 3 ते 5 मिनिटे ठेवावा व नंतर धुवावा. लगेच धुतल्यास औषधाचा पुरेसा परिणाम होत नाही. 2 टक्के किटोकोनॅझोलयुक्त शाम्पू सामान्यतः आठवड्यातून दोनदा, 2 ते 4 आठवडे वापरतात. त्यानंतर पुनरुद्भव टाळण्यासाठी तो आठवड्यातून वा पंधरवड्यातून एकदा पुरतो.

घरगुती उपाय

महाराष्ट्रात डोक्यास खोबरेल तेल चोळण्याची रीत जुनी आहे. तेलाने पापुद्रे मऊ होतात व कोरड्या त्वचेस आराम पडतो. तथापि मॅलॅसेझियाची वाढ स्निग्धाम्लांवर अवलंबून असल्याने कोंडा असताना तेल रात्रभर वा दिवसेंदिवस डोक्यावर ठेवणे इष्ट नाही. लावल्यास ते थोड्या वेळाने धुवून टाकावे. लिंबाचा रस खाजवून ओरखडलेल्या त्वचेची आग वाढवू शकतो.

वैद्यकीय सल्ला

महिनाभर नियमित उपचार करूनही फरक न पडल्यास, त्वचा लाल होऊन सुजल्यास, पू वा लस येत असल्यास किंवा केस झपाट्याने गळू लागल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.