ग्लायडरच्या पंखात पाणी का भरतात? आणि ते गळायला लागलं तर?

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. हडपसरच्या आकाशात पुणेकरांनी ते कधी ना कधी पाहिलं असेल. इंजिनच नाही म्हटल्यावर वजन जितकं कमी तितकं बरं, असं कुणालाही वाटेल.

पण स्पर्धेत उतरणारे पायलट नेमकं उलटं करतात. उड्डाणाआधी ते पंखांमध्ये दीडशे-दोनशे लिटर पाणी भरतात.

पाणी कशासाठी?

ग्लायडर हळूहळू खाली येत पुढे सरकत असतं. चांगलं ग्लायडर १ किलोमीटर उंचीवरून ४० किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. वजन वाढवलं तरी हे अंतर जवळपास तेवढंच राहतं, फक्त ते जास्त वेगाने कापलं जातं.

समजा, पायलटसह ३४५ किलोच्या ग्लायडरमध्ये १८० लिटर पाणी भरलं. एकूण वजन झालं ५२५ किलो. आधी जे अंतर ताशी १०० किलोमीटर वेगाने कापलं जायचं, ते आता साधारण १२३ च्या वेगाने कापलं जाईल. स्पर्धेत वेगालाच गुण असतात, त्यामुळे हा फरक मोठा आहे.

तोटाही आहे. जड ग्लायडर वर जाणाऱ्या गरम हवेत सावकाश चढतं आणि उतरताना त्याचा वेग जास्त राहतो. म्हणून हवा कमजोर झाली की, आणि उतरण्याआधी तर नक्कीच, पाणी सोडून देतात. त्यासाठी पंखाच्या खालच्या बाजूला व्हॉल्व्ह असतो आणि तो उघडायचा दांडा कॉकपिटमध्ये.

थोडं पाणी गळलं तर बिघडलं कुठे?

दोन्ही पंखांतून सारखंच गळलं तर फारसं बिघडत नाही. प्रश्न येतो एकाच बाजूने गळतं तेव्हा.

खांद्यावर कावड आहे आणि एकच घागर गळतेय, असं समजा. एका पंखातलं २० लिटर पाणी कमी झालं, तर दुसरा पंख २० किलोने जड होतो. हे वजन मध्यापासून ३ मीटर लांब असेल, तर तांदळाची २० किलोची गोणी तिथे लटकवल्यासारखंच झालं.

वेगात उडताना पायलट हे सांभाळून घेतो. पण टेक-ऑफच्या सुरुवातीला वेग कमी असतो आणि पंख सरळ ठेवणारे एलेरॉन नीट काम करत नाहीत. जड पंख खाली जातो, गवताला घासतो आणि ग्लायडर गर्रकन फिरतं. विंचच्या दोराने उडवताना तर ते उलटंही होऊ शकतं. म्हणून तिथला नियम साधा आहे: पंख सरळ राहत नाहीत असं दिसताच लगेच दोर सोडायचा.

गळती कशी शोधतात?

१. आधी पुसा, मग पाहा. पाणी पंखाखालून वाहत लांब जाऊन टपकतं, त्यामुळे थेंब दिसतो तिथेच गळती असेल असं नाही. पंख कोरडा पुसून पहिला थेंब कुठे येतो ते बघतात. ग्लायडर एका बाजूला कललेलं असेल, तर टाकीच्या हवेच्या छिद्रातूनही पाणी येतं. ती गळती नव्हे.

२. मोजा. व्हॉल्व्हखाली १० मिनिटं भांडं ठेवायचं. १०० मिलिलिटर जमलं, तर तासाला जेमतेम ६०० मिलिलिटर. पण १ लिटर जमलं, तर ५ तासांत ३० लिटर जाणार.

३. व्हॉल्व्ह तपासा. घरचा नळ गळतो तेव्हा आपण आधी वॉशर बघतो. इथेही तसंच. रबरी सील कडक झालेलं असतं किंवा त्यात वाळूचा कण, गवताची काडी अडकलेली असते. दोन-चार वेळा उघडझाप केली की कचरा अनेकदा वाहून जातो. नाही गेला तर सील साफ करायचं किंवा बदलायचं.

४. खालून दाबून पाहा. बंद व्हॉल्व्ह हाताने वर दाबल्यावर गळती थांबली, तर सील बहुधा ठीक आहे. कॉकपिटपासून येणारी दांड्यांची जोडणी त्याला पूर्ण बंद होऊ देत नाही. पंख काढून पुन्हा जोडल्यावर गळती सुरू झाली असेल, तर पहिला संशय इथेच.

५. व्हॉल्व्ह कोरडा, तरी पाणी येतंय? मग टाकीच गळतेय. काही ग्लायडरमध्ये पंखाच्या आत पिशव्या असतात. त्या बाहेर काढून, हलकी हवा भरून, साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा आला की पंक्चर सापडलं. जिथे पंखाची पोकळीच टाकी असते, तिथे मात्र काम परवानाधारक इंजिनिअरचं. आत मुरलेलं पाणी पंखाचंच नुकसान करतं.

टेप लावून भागेल का?

नाही. हा जुगाड गळतीपेक्षा घातक आहे. बाहेरून टेप लावली आणि हवेत पाणी सोडायची वेळ आली, तर एका बाजूचं पाणी सुटेल, दुसरीचं आतच अडकेल. म्हणजे थोड्या लिटरचा फरक वाचवायला जाऊन अख्ख्या टाकीचा फरक पडला.

उंचावर तापमान शून्याखाली गेलं की टेपशिवायही हेच घडू शकतं. गळणारं पाणी व्हॉल्व्हवरच गोठतं आणि तो उघडतच नाही.

काही ग्लायडरमध्ये तोल साधायला शेपटीतही छोटी टाकी असते. पंख रिकामे झाले आणि शेपूट भरलेलं राहिलं, तर ग्लायडर मागे जड होतं आणि गिरक्या घेत खाली येण्याचा धोका वाढतो.

म्हणून उड्डाणाआधी दोन गोष्टी पाहायच्या. बंद केल्यावर दोन्ही व्हॉल्व्ह कोरडे राहतात का, आणि उघडल्यावर दोन्हीकडून सारखीच धार पडते का. यातलं एकही उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या दिवशी पाण्याशिवाय उडायचं. वेग थोडा कमी मिळेल, एवढंच.