वर्षश्राद्धानंतरचं दुःख

घरातलं माणूस गेल्यावर काय करायचं, हे आपल्याकडे समाजाने ठरवून दिलेलं आहे. दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसं, सण न करता जाणारं वर्ष आणि शेवटी वर्षश्राद्ध. दुःखी माणसाला एकटं पडू न देण्याचं मोठं शहाणपण या रचनेत आहे. त्यामुळे शोकासाठी मानसोपचार म्हटलं की अनेकांना ते परकं खूळ वाटतं; काळासारखं औषध नाही, असं म्हणून विषय संपवला जातो. आक्षेप रास्त आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत खराही आहे. शोकावरच्या उपचारांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचं माणूस गेलेल्या सगळ्यांना सरसकट समुपदेशन दिलं, तर त्याचा टिकाऊ उपयोग होत नाही, असं त्यात दिसलं. ज्यांचं दुःख खरोखर अडून बसलं होतं, त्यांना निवडून उपचार दिले तेव्हा मात्र फरक पडला. म्हणूनच ही अडलेली माणसं ओळखायची कशी, हा यातला कळीचा प्रश्न आहे.

नैसर्गिक कारणांनी आप्त गमावलेल्या प्रौढांपैकी सुमारे दहा टक्के लोकांचा शोक असा लांबतो, असा संशोधकांचा अंदाज आहे. गेलेल्या माणसाची ओढ दिवसभर सुटत नाही, मृत्यू घडलाच आहे हे मन मानत नाही, त्या व्यक्तीच्या खोलीत पाऊल टाकवत नाही किंवा तिथून हलवत नाही. नैराश्यात कशातच गोडी उरत नाही. इथे सारं मन एकाच माणसापाशी थांबलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात याची स्वतंत्र नोंद आहे. 'आता शोकालाही आजार ठरवलं' अशी टीका त्यावर झाली. पण नोंदीच्या अटी वाचल्या की ती टिकत नाही. किमान सहा महिने उलटलेले असावेत, रोजचं जगणं विस्कटलेलं असावं आणि त्या व्यक्तीच्या समाजात, धर्मात जेवढा शोक स्वाभाविक मानतात त्याहून तो स्पष्टपणे जास्त असावा, असं त्यात म्हटलं आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी प्रौढांसाठी ही मुदत एक वर्षाची धरली. आपलं वर्षश्राद्धही तेव्हाच येतं.

'या वयात आता काय बदलणार?' हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं, कारण पुरावा नेमका उलटा आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शिअर यांनी पन्नाशी ओलांडलेल्या १५१ जणांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागींचं सरासरी वय ६६ होतं. खास शोकासाठी घडवलेल्या सोळा भेटींच्या उपचाराने सुमारे ७० टक्के लोक सुधारले. नैराश्यावरच्या प्रचलित संवादोपचाराने ३२ टक्के. या भेटींत मृत्यूची हकिगत पुन्हा पुन्हा सांगायची असते, टाळलेल्या जागी हळूहळू जायचं असतं, गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलायचं असतं आणि सोबतच पुढच्या आयुष्यात काय करावंसं वाटतं हेही शोधायचं असतं. विसरायला कोणीच सांगत नाही. नैराश्यावरची गोळी जोडून पाहिली, तेव्हा नैराश्य कमी झालं, पण शोक हलला तो या संवादानेच.

उपचाराची मर्यादाही सांगायला हवी. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि हळदीकुंकवाला तिला वगळायचं, ही जखम समाजाने केलेली आहे. ती समुपदेशकाच्या खोलीत भरून येणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. असा ठराव शोक करणाऱ्या बाईला जे देतो, ते कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. जे विधी माणसाला सोबत देतात ते जरूर ठेवावेत. जे त्याला वेगळं पाडतात ते सोडावेत. आणि हे सगळं होऊनही वर्षानंतर घरातली आई किंवा वडील त्याच दिवशी अडकलेले दिसले, तर 'वय झालं' म्हणू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावून द्या.