चिमणराव-गुंड्याभाऊ : युद्धकालीन विनोदी बोलपटांचीं साधनें

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांस चित्रपटाचा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु एखाद्या बखरीची एकच प्रत उरावी आणि तिलाही कसर लागावी, तसाच प्रकार जुन्या बोलपटांच्या बाबतींत घडत असल्यामुळें हा विचार या पृष्ठांत अप्रस्तुत ठरूं नये.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंत मुख्य चित्राच्या जोडीला दोन रिळांचीं धांगडधिंग्याचीं चित्रें दाखवीत. 'थ्री स्टूजेस' या त्रिकूटानें जानेवारी १९४० मध्यें 'यू नॅझ्टी स्पाय' या सुमारें १८ मिनिटांच्या चित्रांत हिटलरची टवाळी केली, ती चॅप्लिनच्या 'द ग्रेट डिक्टेटर'च्याही आधीं. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचें 'पिठाचे पंजे' हें छोटें विनोदी चित्र १९१४ सालीं 'मोहिनी भस्मासुर' याच्या जोडीनें दाखविलें गेलें होतें. तथापि युद्धकाळांतील आपली प्रसिद्ध विनोदी जोडी पूर्ण लांबीच्या बोलपटांतच अवतरली.

ती जोडी म्हणजे चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ होत. मास्टर विनायक यांनीं नवयुग संस्थेसाठीं दिग्दर्शित केलेल्या 'लग्न पहावें करून' (१९४०) या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढें जोशी यांच्याच कथेवर 'सरकारी पाहुणे' (१९४२) निघाला. जोशी हे पाली भाषेचे अध्यापक; बडोद्याच्या राजदप्तराचेंही काम त्यांनीं पाहिलें. दप्तर सांभाळणाऱ्याच्या मानसपुत्रांचें दप्तर मात्र आज विखुरलेलें आहे.

आखूड विनोदी चित्रास त्या काळीं वाव कां नव्हता, याचें एक कारण उघड दिसतें. १९४३ सालीं सरकारनें कच्च्या फिल्मेवर नियंत्रण बसविलें. मुख्य चित्रास ११,००० फुटांची मर्यादा पडली. मिनिटास ९० फूट या हिशेबानें ती दोन तासांहून किंचित् अधिक होय. शिवाय सरकारी माहितीपट दाखविणें चित्रगृहांस सक्तीचें झालें. जोडचित्राची जागा अशी आधींच भरली गेली.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. उष्णता व दमटपणा यांनीं ती चिकट होते, चित्र पुसट होतें आणि शेवटीं तिची भुकटी होते. ती पेटली तर पाण्यानेंही सहसा विझत नाहीं. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. तरी २००३ च्या जानेवारींत तेथील फिल्म-कोठारास लागलेल्या आगींत नायट्रेटच्या अनेक जुन्या फिल्मा नष्ट झाल्या.

म्हणून कागदी साधनांचें मोल वाढतें. गाण्यांच्या पुस्तिकेंत नटवर्ग, कथासार व पद्यें मिळतात. सेन्सॉरच्या दाखल्यावरून लांबी कळते. जाहिरातींवरून प्रदर्शनाची तिथी ठरते. मात्र छापील कथासार म्हणजे चित्र नव्हे. पडद्यावरील धडपड, मुद्रा व बोलण्याची लकब त्यांत येत नाहीं. यास्तव हीं साधनें परस्परांशीं ताडूनच वापरावीं.

मुंबईच्या उपनगरांत, त्यांतही गोराईसारख्या खाडीपलीकडील गावीं, खारी दमट हवा कागदास व फिल्मेस सारखीच घातक आहे. तेथील जुन्या पेट्यांत अशा पुस्तिका निघाल्यास त्या रद्दींत न घालतां त्यांची नक्कल करून नोंद करावी, आणि फिल्मेचा डबा आढळल्यास तो घरीं न उघडतां तज्ज्ञांकडे सोंपवावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. पोथीस जो न्याय आपण देतों, तोच या हास्यासही मिळावा.