पहिला रुपया गावाचा

ग्रामीण उद्योगास सरकारने साहाय्य करावे, हे धोरण आता सर्वमान्य झाले आहे. परंतु हे साहाय्य कोणत्या क्रमाने घ्यावयाचे, याचा विचार पुष्कळदा होत नाही. तो क्रम समजून घेण्यासाठी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झाले व प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. तथापि गुळाचे भाव पडले की ऊस पिकविणाऱ्याचे कर्ज वाढे. साखर कारखाने तर खाजगी मालकांचे. तेव्हा शेतकऱ्यांनी स्वतःचाच कारखाना काढावा, हा विचार लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटील यांनी धरला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि तत्कालीन मुंबई सरकारचे अर्थमंत्री वैकुंठलाल मेहता यांचे पाठबळ त्यांना लाभले. विठ्ठलरावांनी गावोगाव हिंडून भाग जमविले. 1948 साली संस्था नोंदली गेली व 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झाले.

शेतकऱ्यांनी भाग घेतले, सरकारने भागभांडवलात भर घातली आणि औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. सहकारी संस्थांत शासनाने अशी भागीदारी करावी, ही शिफारस अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने 1954 साली केली. प्रवराकाठी तिचा अनुभव आधीच आला होता. ज्याचा पैसा गुंतला आहे तो हिशेब पाहतो व वेळेवर ऊस आणतो. जेथे सभासदांचे हे लक्ष सुटले, असे राज्यातील काही कारखाने पुढे कर्जात बुडाले, हेही विसरून चालणार नाही.

लहान उद्योगासही हाच न्याय लागू पडतो. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या 35 टक्के, परंतु जास्तीत जास्त 10 लाख रुपये, अनुदान ठेवण्यात आले. निदान 10 टक्के रक्कम उद्योजकाने स्वतः घालावयाची व बाकीसाठी बँकेचे कर्ज घ्यावयाचे. समजा, डाळ गिरणीस 10 लाख रुपये खर्च आहे. मालकाचे 1 लाख व बँकेचे 9 लाख झाले. साडेतीन लाखांचे अनुदान हाती मिळत नाही. ते बँकेत वेगळ्या खात्यात राहते. कर्ज थकले नाही व गिरणी चालू राहिली, तर तीन वर्षांनंतर ते कर्जात वळते होते. अनुदान येणार म्हणून हप्ते थांबविणारा मनुष्य अनुदानासही मुकतो आणि तारण दिले असल्यास तेही धोक्यात घालतो.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज भरून घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. कच्चा माल वर्षातून किती महिने मिळेल? पक्का माल कोण घेईल? पहिले सहा महिने विक्री कमी झाली तर हप्ता कोठून भरणार? आणि स्वतःचा वाटा उसनवारीचा तर नाही ना? कोणती योजना सध्या चालू आहे व तिच्या अटी काय आहेत, याची खात्री तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करून घ्यावी.

या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडता आली, तर बँकेकडे जाण्यास हरकत नाही. मांडता आली नाहीत, तर एक हंगाम थांबणे हेच शहाणपणाचे होय.