आधी तिथी बघा, मग दुर्बीण उचला!

ऑक्टोबरात अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला जायचंय? गाडी ठरवण्याआधी कॅलेंडर उघडा. तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, भरतीची साधारण वेळ हाती येते. कोकणातलं हे जुनं, तोंडी चालत आलेलं गणित. पौर्णिमेला १५ त्रिक ४५, भागिले ४, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. ओहोटीला पक्षी पार लांब चिखलात पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही नुसते ठिपके. उधाणाचं पाणी चढायला लागलं की तेच थवे सुरूच्या बनाकडे, थेट आपल्या पुढ्यात सरकतात. म्हणून भरतीच्या दोन तास आधी पोचायचं आणि एका जागी बसून राहायचं.

मागचं बोट गायब
लाट मागे फिरली रे फिरली की तिच्या पाठोपाठ धावत सुटतो तो सँडरलिंग. वाळूत भराभर चोच खुपसायची आणि पुढची लाट फुटायच्या आत माघारी पळायचं. जमलं तर पायाचा फोटो काढा. त्याच्या बहुतेक भाईबंदांना मागे एक छोटं बोट असतं, याला नाहीच!

शिंपले अख्खेच
थव्यात ग्रेट नॉट सापडला तर दिवस सार्थकी लागला. हा पठ्ठ्या शिंपले न फोडता गिळतो, भुगा करायचं काम पोटातल्या स्नायूंच्या पिशवीचं. त्याचा भाऊ रेड नॉट आणखी हुशार. ओल्या वाळूत चोच घातली की पाण्याच्या दाबातल्या फरकावरून पुरलेला शिंपला त्याला न शिवताच कळतो. ग्रेट नॉट आज संकटग्रस्त आहे. दक्षिण कोरियात सेमानगुमला ३३ किलोमीटर लांबीचा बांध २००६ मध्ये पुरा झाला आणि प्रवासात पोट भरायचा त्याचा मोठा चिखलपट्टा गेला. आपल्याकडे उरणच्या पाणथळींवर भराव पडताना मला हे हटकून आठवतं.

११ दिवस, ना अन्न ना थांबा
लांब, किंचित वर वळलेल्या चोचीचा बार-टेल्ड गॉडविटही इथे येतो. याच जातीच्या जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिल्लानं २०२२ च्या ऑक्टोबरात अलास्काहून टास्मानिया गाठलं. सलग ११ दिवस, १३,५६० किलोमीटर! निघण्याआधी हे पक्षी चरबी साठवतात आणि पचनाचे अवयव चक्क आक्रसून घेतात. उडताना ते ओझं नको.

कर्ल्यू सँडपायपरच्या घरात तर सैबेरियातून आधी बाबा निघतात, मग आई. पिल्लं सगळ्यात शेवटी, वाट दाखवणारं वडीलधारं कोणी नसताना. ऑक्टोबरात आपल्यासमोर चरणाऱ्यांत अशी पहिल्याच प्रवासाला निघालेली पोरं असतात. उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवून थवा उठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. किनाऱ्यावर गाड्या पिटाळणाऱ्यांचाही. हजारो किलोमीटर उडून आल्यावर जमवलेली चरबी अशी फुकट जाळायला लावायची?

आता मान वर
पाणी उतरू लागलं की आकाशाकडे बघा. अमूर ससाणा साधारण नोव्हेंबरात महाराष्ट्रावरून जातो. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास आणि पुढ्यात अख्खा अरबी समुद्र. त्याच सुमारास चतुरांचे थवेही समुद्र ओलांडतात. वाटेत हा त्यांच्यावरच ताव मारत असावा, असं अभ्यासकांना वाटतं.

आणि दसऱ्याच्या सुमारास तारेवर नीलपंख दिसला तर नमस्कार करून लगेच पुढे जाऊ नका, आधी छाती बघा. तपकिरी असेल तर आपला नेहमीचा. गळ्यापासून पोटापर्यंत फिकट निळी असेल, तर तो युरोपियन रोलर, आफ्रिकेच्या वाटेवरचा पाहुणा. फोटो लगेच काढा, उद्या तो त्याच तारेवर असेलच असं नाही.